कितीतारीचं भोक

दाजी, माणूस गेलं की मागं कुणाची वाटणी राहते, कुणाचं लग्न राहतं. आपल्या दोघांत राहिलंय ते एक भोक. ते पाडायचं का नाही, एवढाच सवाल आहे, आणि जवाब द्यायला तुम्ही जागेवर नाहीत. तेरावं झालं, पाहुणे पांगले, मी मात्र अजून वडगावातच आहे. नांदूरघाटहून दोनदा सांगावा आला, ज्वारी राखणीला आलीय म्हणून. तरी पाय निघत नाही. तुमच्या ओसरीत खुंटीला ती कितीतार लटकते आहे, सबंध बंद पोटाची, आणि मी तिच्याकडं बघत बसतो.

लिहायला बसलो की माझी बोली बदलते, ह्यावर तुम्ही लई हसायचात. "रंग्या बे, बोलतोस आपल्यावानी आन् लिव्हतोस मुन्शीवानी." हसा आता. मला कुठं ऐकू येणार आहे!

सगळं सुरू झालं ते मोमिनाबादेत. आपण खोंड घ्यायला गेलतो. खोंड घेतलं, दावं तुमच्या हातात दिलं आणि छावणीच्या कडेनं परत निघालो. तिथं लिंबाखाली खाटेवर एक गोव्याचा माणूस बसला होता. पलटणीच्या बँडात शिंग फुंकायचा म्हणे, पण त्या दुपारी त्याच्या मांडीवर एक लाकडी वाद्य होतं. वर निमुळतं, मध्ये कंबर, खाली भलं मोठं पोट. डाव्या हातानं त्यानं वाद्याचा गळा दाबला आणि उजव्या अंगठ्यानं सगळ्या तारा एकदम खाली ओढल्या. एक सूर नाही, सहा सूर. आणि सहाही मिळून एकच काहीतरी बोलले.

तुमच्या हातातलं दावं सुटलं. खोंड आपल्या वाटेनं चालू पडलं, मी त्याच्यामागं धोतर सावरत पळतोय, बाजारातले लोक हसतायत, आणि तुम्ही जागचे हलला नाहीत. खोंड धरून, दम खात मी परत आलो तर तुम्ही त्या माणसाला विचारत होतात, "ह्येंच्यात वाटण्या कुणी करून दिल्या?"

तो बिचारा "क्या बोला? क्या बोला?" करायला लागला. मग मी माझ्या मोडक्या हिंदुस्तानीत त्याला समजावलं की आमचे दाजी म्हणतात, सहा जण एकदम बोलायलेत आणि भांडण कसं काय नाही? तो खदखदून हसला आणि त्यानं पुन्हा वाजवलं. तुम्ही नाही हसलात. मला कळत होतं का ते. घरात तुम्ही चार भाऊ, आणि बांधावरच्या एका बाभळीवरून चौघं एकदम बोलायला लागलात की निम्मं वडगाव दारात गोळा व्हायचं. एकदम बोलणं म्हणजे भांडण, एवढंच तुम्हाला ठाऊक. ह्या सहाजणांनी तुमची बुद्धीच फिरवली.

नाव विचारलं तर तो म्हणाला, "गिटार." तुम्ही ऐकलं "कितार". वाटभर तेच. "सतार म्हंजी सात तारा, बरोबर? मंग कितार म्हंजी?" मी वैतागून म्हणलं, "म्हंजी किती तार!" तुम्ही रस्त्यातच टाळी वाजवली. "सहा!" झालं. तेव्हापासून तिचं नाव कितीतार पडलं, आणि पुढं सबंध गाव तेच म्हणायला लागलं. आजही मला 'गिटार' म्हणवत नाही. कुणाच्या तरी घरचं नाव वाटतं ते.

पण त्या दुपारी आणखी एक गोष्ट झाली, आणि सगळा घोळ तिथं आहे. वाजवता वाजवता तो माणूस थांबला. पोटाच्या मधोमध जे गोल भोक होतं त्यात त्यानं तारांच्या फटीतून दोन बोटं घातली, आणि दोऱ्याला बांधलेली तंबाखूची पुरचुंडी वर ओढून काढली. चिमूट तोंडात टाकली, पुरचुंडी परत आत सोडली, आणि पुढं वाजवायला लागला. मी तंबाखू खाणारा, मला तर ती हिकमत लई आवडली. तुम्ही मात्र ते टक लावून बघितलं आणि मनाशी काहीतरी पक्कं केलंत.

पुढच्याच पंधरवड्यात तुम्ही ओसरीत लाकडं पसरलीत. दाजी, तुम्हाला सुतारकामातलं ओ की ठो येत नव्हतं. कुऱ्हाडीचा दांडासुद्धा तुम्ही बसवलात की दुसऱ्या दिवशी पातं उडून हौदात. आणि निघाले कितीतार करायला! आकार काढायला तुम्ही अक्काची परात घेतली, खालच्या पोटाला. वरच्या पोटाला जेवायचं ताट. दोन्ही फळीवर मांडून कोळशानं रेघ ओढली आणि मधली कंबर अंदाजानं आवळली. अक्का पिठाचे हात घेऊन उंबऱ्यात उभी. "माझी परात द्या, तिंबायचं थांबलंय," म्हणून. तुमच्या बायकोची परात आणि माझ्या बहिणीचं ताट, तेव्हा मी कुणाच्या बाजूनं बोलणार!

वरची फळी घासलेटच्या डब्यांच्या खोक्याची. देवदार की काय म्हणतात ते लाकूड, हलकं आणि उभ्या रेषांचं. तुम्ही ते नखानं टकटक वाजवून बघितलंत, कानाला लावलंत, आणि म्हणालात, "हे बोलंल." बोलंल खरं, पण त्याचा वास गेला नाही. अक्का कंदील घेऊन ओसरीत आली की तिला तुम्ही लांबूनच ओरडायचात. कडेच्या पट्ट्या वाकवायला तांब्याच्या हंड्यात इंगळ भरून ओलं सागवान त्यावर दाबायचं, ही युक्ती कुठून काढलीत ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. किती पट्ट्या कडाकड मोडल्या! मोडलेली प्रत्येक पट्टी हातात घेऊन तुम्ही तिला विचारायचात, "कावून मोडलीस?" माणसाला विचारावं तसं. आणि उत्तर येईपर्यंत बघत बसायचात. मला राग यायचा. मी म्हणायचो, ओलं कमी पडलं, दुसरं काय. तुम्ही म्हणायचात, "त्ये तू म्हणतोस. ती काय म्हणतीया?"

मुंग्यांचं आठवतंय? जोड चिकटवायला तुम्ही चुन्यात गूळ घातला, भिंत बांधतात तसा. बुरुज टिकतो तर कितीतार का नाही टिकणार, हा तुमचा हिशोब. सकाळी बघतो तर सगळी काळी, हलते आहे. मुंग्यांनी कितीतार चालवत नेली असती, एवढ्या मुंग्या. मग सरस आणायचं ठरलं, तर अक्का माळकरी. कातड्या-हाडाचं शिजवलेलं घरात चालणार नाही, म्हणाली. मग आपण दोघं मळ्यात, गोठ्यामागं, तीन दगडांवर सरस शिजवत बसलो. काय घाण वास तो! बैलसुद्धा दावणीला मागं सरकले. नाकाला उपरणं बांधून तुम्ही ढवळत होतात आणि मधूनच म्हणालात, "रंग्या, मेल्यावर बी जनावर दोन फळ्या धरून ठेवतंय, बघ." तेव्हा मी काहीतरी चेष्टा केली. आता ते वाक्य डोक्यातून जात नाही.

कितीतारीच्या गळ्यावर आडवे बसतात ते पितळी पट्ट्यांचे पडदे तुम्ही स्वतःच्या आवाजावरून ठोकलेत. पहिली तार छेडायची, सा म्हणायचं, रे म्हणायचं, जिथं तार गळ्याशी मिळेल तिथं खूण आणि ठोक पट्टी. तुमचा गळा सरळ होता, भजनात सगळे तुमच्या सुरात लावून घ्यायचे. तारा परळीहून आणल्यात, वैजनाथाच्या दर्शनाला गेलात तेव्हा. अक्का म्हणाली, देवाला अर्धं लक्ष आन् दुकानाला पुरं.

आणि मग ती तयार झाली. बिनभोकाची.

"दाजी, भोक?" मी म्हणलं.

"कशाला?"

"अहो, त्याला हुतं की!"

"त्याला तंबाखू ठेवायला हुतं. मी तंबाखू खात न्हाई. मला भोक कावून पाहिजे?"

मीही हटणारा नव्हे. वाजवून बघितली तर आवाज घोंगडी पांघरून कुणी बोलावं तसा. मी म्हणलं, आवाज आत कोंडलाय. तुम्ही म्हणलात, "कोंडला न्हाई, मुरायलाय." मी म्हणलं घागरीला तोंड असतं म्हणून ती घुमते. तुम्ही घागरीवर ताट झाकून वाजवून दाखवली आणि म्हणलात, "घुमतीया की!" मी बासरीची सहा भोकं सांगितली. तुम्ही म्हणलात, "ती तोंडानं वाजती. मृदंगाला भोक दाव. दोन्ही तोंडं बंद, तरी देवळाच्या बाहिर आवाज." तंबोऱ्याला कुठंय भोक, सतारीला कुठंय, वीणेला कुठंय? देवळातल्या तंबोऱ्याचा भोपळा तुम्ही मला बोटं फिरवून तपासायला लावलात. पुजारी बघत राहिला.

विहिरीवर तेच, खळ्यावर तेच. माझ्या चुलत पुतण्याच्या लग्नात पंगतीत बसून आपण मठ्ठ्याच्या वाटीवर बोटं आपटून भांडलो, आणि वाढपी दोघांना टाळून पुढं गेला. सोक्षमोक्ष लावायला म्हणून मोमिनाबादेला परत गेलो. त्या लिंबाखाली खाट होती, त्या खाटेवर एक शिपाई झोपला होता. बाजावाल्याची पलटण दुसरीकडं गेली, म्हणाला. कुठं ते त्यालाही मालूम नव्हतं. येताना मला वाटलं, बरं झालं. तुम्हालाही वाटलं असेल.

कारण खरं सांगू का दाजी? नांदूरघाटहून वडगाव काय जवळ नाही, आणि मेव्हण्याला बहिणीच्या घरी वरचेवर यायला काहीतरी निमित्त लागतं. माझं निमित्त ते भोक होतं. गाडी जुंपताना बायको विचारायची, आज काय काढलंत? मी म्हणायचो, दाजींना एक मुद्दा सांगायचा राहिला. माझा बाप लवकर गेला, भाऊ नाही. एवढं जीव तोडून माझ्याशी दुसरं कुणी भांडलं नाही. हे तुम्हाला कधी बोललो नाही. असलं आपल्यात बोलतं कोण?

तुम्ही कितीतार छातीशी धरून वाजवायचात, कान तिच्या कुशीला लावून. "ऐक," म्हणायचात, "सहाजण नांदायलेत." मी ऐकायचो. एवढा दबलेला आवाज, त्यात कोण नांदतंय आणि कोण भांडतंय काहीच कळायचं नाही. पण तुमचा चेहरा बघून मी मान हलवायचो.

तापाचं निमित्त झालं, त्याबद्दल मी लिहिणार नाही. फक्त एकच. मी उशाला बसलो होतो. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणलात, "रंग्या, त्याची तंबाखू सरली आसंल तवा... त्या भोकात काय ठेवत आसंल बे?" मी म्हणलं, बरे व्हा, धुंडू त्याला आन् विचारू. तुम्ही मान हलवलीत. दाजी, ते नुसतं विचारणं होतं, का तुम्ही माझ्याकडं एक पाऊल सरकला होतात? हेच मला कळत नाही. खामखा डोकं खातंय.

परवा मी कितीतार खुंटीवरून काढली. अक्का आतल्या दाराशी बसली होती. तुम्ही गेल्यापासून ती बोलतच नाही. विचारलं तर 'हं', नाहीतर तेही नाही. बाया येऊन सांगतात, तिला बोलती करा, रडती करा. मी काय करणार? तिनं एवढंच विचारलं, "काय करायलास?"

"भोक पाडावं म्हणतो."

ती म्हणाली, "पाड. पर तुझं खरं झालं, तर सांगशील कुणाला?"

मी कितीतार परत खुंटीला लावली. दोन दिवस हात लावला नाही. बरोबर बोलली ती. पाडलं आणि फळी फुटली, तर तुमच्या हातची एकच वस्तू, ती मी मोडली. पाडलं आणि आवाज सुटला, तर तुम्ही इतकी वर्षं झाकल्या घागरीशी बोलत होतात असं ठरणार, आणि ते ठरलेलं ऐकायला तुम्ही नाही. न पाडावं, तर मी नांदूरघाटला जाऊन ज्वारीची पाखरं हाकताना हेच कुटत बसणार, बोलली असती का नसती? तुमच्या संगतीत एक खोड लागली दाजी, कळल्याबिगर जीव शांत होत नाही. ती खोड तुमचीच. तेव्हा अर्धा दोष तुमच्याकडं ठेवा.

आज न्याहारी झाल्यावर तारा सैल केल्या. आमटीची वाटी पालथी घालून गोल काढला. सळई लाल करून रेघेवर डाग देत गेलो, शेजारी शेजारी. घासलेटचा वास असा उठला की मला वाटलं आता पेटते. पेटली नाही. मग चाकूनं डाग जोडले. चकती सुटली ती नेमकी आत पडली, आणि मी भर ओसरीत कितीतार उलटी करून खुळखुळ्यासारखी हलवत बसलो. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

तारा ताणल्या. नुसता अंगठा फिरवला.

आवाज गल्लीत गेला. दावणीची म्हैस मान वर करून बघायला लागली. समोरच्या घरातली म्हातारी दारात आली. केवढा आवाज दाजी! मी ओरडलो, "बघा! बघा दाजी! म्हणलं हुतं का न्हाई?" आणि वळून खांबाकडं बघितलं, जिथं तुम्ही टेकून बसता. तिथं कुणी नव्हतं. मी रडलो. आतापर्यंत माणसांत होतो, खांदा दिला, सगळं केलं, तेव्हा रडलो नव्हतो. जिंकलो आणि रडलो. दाजी, असं जिंकू नये कुणी.

डोळे पुसले आणि तिचा गळा दाबला, त्या बाजावाल्यानं दाबला होता तसा. अंगठा फिरवला. सहा जण बोलले, आणि एकमेकांच्या उरावर बसले! असं भांडण की तुमच्या चौघा भावांचं काहीच नाही. पुन्हा दाबलं, दुसरीकडं दाबलं, तेच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पडदे तुम्ही पहिल्या तारेशी गळा लावून ठोकलेत. बाकीच्या पाच तारांना कुणी विचारलं होतं? एकाला विचारून पाचजणांची लग्नं लावलीत दाजी तुम्ही, ती नांदतील कशी? आणि पोट बंद होतं म्हणून घरातलं भांडण बाहेर ऐकू आलं नाही, एवढंच! तुम्ही गेलात ते ती नांदतायत असं समजून. बरं झालं का वाईट, तुम्हीच सांगा. मला ठरवता येईना.

"ह्येंचे पडदेच चुकलेत," मी मोठ्यानं म्हणलं. कुणाला म्हणलं कोण जाणे.

"पडदे बरोबर हायत त्येंचे."

अक्का होती. चुलीपाशी भाकरी थापत होती. हात थांबलेले.

"काय म्हणलीस?"

"पडदे त्येंचे बरोबरच हायत. तुझं भोक मोठं झालंय. आमटीची वाटी घेतलीस तू. फुलपात्र घ्याचं हुतंस."

"अक्का, तू त्या बाजावाल्याचं भोक बघितलंस का कधी?"

"मी कशाला बघू? त्येंनी सांगितलंय की मला. दोन बोटं जातील येवढंच हुतं." तिनं पीठ लागलेली दोन बोटं वर करून दाखवली.

"दोन बोटं तारांच्या फटीतनं गेलती! भोक केवढं आन् फट केवढी, काय बोलतीस तू?"

"त्येंला दिसलं ते खोटं, आन् तू खोंडामागं पळत हुतास ते खरं?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तिनं ती काढून बाजूला टाकली, हात धुतले, फडताळातून फुलपात्र काढलं, आणि पदर खोचून माझ्यासमोर येऊन बसली.